गावच्या घरातला कॅमेरा पुण्यातून कसा दिसतो?

मागच्या वेळी आपण घरातल्या वायफायबद्दल बोललो होतो. तेव्हा कार्यक्रम संपल्यावर तीन-चार जणांनी आम्हाला गाठून एकच प्रश्न विचारला, "घरी कॅमेरा लावलाय, पण बाहेरून दिसत नाही. काय करायचं?" आजचं व्याख्यान त्या प्रश्नावर आहे.

सुरुवात एका खऱ्या घरापासून करू. त्यांच्या परवानगीने सांगतो, नावं मात्र सांगत नाही. कोकणातलं गाव, तिथे अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई एकटी राहते. एक मुलगा डोंबिवलीत, मुलगी पुण्यात. गणपतीला सगळे जमले, मुलाने एक कॅमेरा आणला, पडवीत लावला, राऊटरला जोडला. मोबाईलवर अंगण दिसायला लागलं, तुळशीवृंदावन दिसलं, फाटक दिसलं. सगळे खूश. पाच दिवसांनी मुलगा डोंबिवलीला परतला, मोबाईल उघडला, तर पडदा काळा. आईला फोन केला. आई म्हणाली, "इथे तर हिरवा दिवा लागलेला आहे बाबा!"

दोघंही खरं बोलत होते. कॅमेरा चालू होता, नेटही चालू होतं. मग अडलं कुठे? ते कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

वाडा, खोल्या आणि दिंडी दरवाजा

कॅमेऱ्याला राऊटरने एक पत्ता दिलेला असतो. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. तुमच्या घरातल्या टीव्हीला, मोबाईलला, लॅपटॉपलाही असेच पत्ते असतात. गंमत अशी, की हाच पत्ता शेजारच्या घरातल्या एखाद्या यंत्रालाही असू शकतो. १९९६ साली काही पत्ते फक्त घरातल्या घरात वापरायचे म्हणून राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे, आणि १७२.१६ ते १७२.३१ मधले. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. जुन्या वाड्यात "माडीवरची तिसरी खोली" म्हटलं की वाड्यातल्या माणसाला कळतं. पण पाकिटावर नुसतं तेवढंच लिहून पोस्टात टाकलं, तर पोस्टमन काय करणार?

वाड्याला बाहेरचा पत्ता एकच, आणि तो राऊटरकडे असतो. राऊटर म्हणजे दिंडी दरवाजावर बसलेला माणूस. तुम्ही आतून एखादी वेबसाइट उघडता, तेव्हा तो वहीत नोंद करतो की माडीवरच्या तिसऱ्या खोलीतून अमुक ठिकाणी निरोप गेला. उत्तर आलं की वही बघून त्या खोलीत पोचवतो. या वहीच्या कारभाराला नॅट म्हणतात. पण बाहेरून कोणी आपणहून आलं आणि म्हणालं "कॅमेरा दाखवा", तर वहीत नोंदच नाही. दरवाजावरचा माणूस त्याला परत पाठवतो. डोंबिवलीच्या मुलाचं नेमकं हेच झालं. गणपतीत तो वाड्याच्या आत होता, आता बाहेर आहे.

जुना रस्ता: पोर्ट उघडणं

वर्षानुवर्षं याला एकच उपाय सांगितला जायचा, तो म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. दरवाजावरच्या माणसाला कायमची सूचना द्यायची, की अमुक क्रमांक सांगत कोणी आलं तर थेट कॅमेऱ्याकडे पाठव. त्यात तीन कामं असतात.

पहिलं, कॅमेऱ्याचा आतला पत्ता पक्का करायचा. राऊटर पत्ते तात्पुरते देतो. लाईट गेली, परत आली, की कॅमेऱ्याला २० ऐवजी २३ मिळू शकतो, आणि तुमची सूचना चुकीच्या खोलीत जाते. म्हणून राऊटरमध्ये डीएचसीपी रिझर्व्हेशन किंवा अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन नावाची सोय असते, तिथे कॅमेऱ्याचा मॅक पत्ता घालून एक पत्ता त्याच्या नावावर करायचा. दुसरं, पोर्टची सूचना. कॅमेऱ्याचं वेबपान बहुधा ८० किंवा ४४३ क्रमांकावर असतं, चित्रप्रवाह बहुधा ५५४ वर. तिसरं, वाड्याचा बाहेरचा पत्ताही बदलत असतो, म्हणून त्याला एक नाव द्यायचं. याला डायनॅमिक डीएनएस म्हणतात. पत्ता बदलला की राऊटर स्वतःच कळवतो, तुम्ही फक्त नाव लक्षात ठेवायचं.

इथे एक सूचना. हे सगळं केल्यावर तपासताना मोबाईलचं वायफाय बंद करा आणि मोबाईल डेटावर बघा. घरच्याच वायफायवरून बाहेरचा पत्ता उघडायला गेलं, तर काही राऊटर ते नीट हाताळत नाहीत. सेटिंग बरोबर असूनही चालत नाही असं दिसतं, आणि माणूस उगाच तासभर डोकं फोडत बसतो.

डोंबिवलीच्या मुलाने हे सगळं केलं. दिवाळीत गावी जाऊन, व्हिडिओ बघून, अगदी नीट केलं. तरी पडदा काळाच.

दरवाजाबाहेर आणखी एक दरवाजा

कारण त्याच्या वाड्याला बाहेरचा पत्ताच नव्हता!

इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते, म्हणजे आयपीव्ही ४, एकूण सुमारे ४२९ कोटी. जगात माणसंच त्याहून जास्त, त्यात प्रत्येकाकडे दोन-तीन यंत्रं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाचा साठाही राखीव गठ्ठ्यापर्यंत आला. आपल्याकडे घरोघरी फायबर पोचला तो बहुतेक त्यानंतर. मग नेट देणाऱ्या कंपन्यांनी काय केलं? वाड्यांसाठी जी युक्ती होती तीच पुऱ्या आळीसाठी वापरली. शेकडो घरांना मिळून एक बाहेरचा पत्ता, आणि आळीच्या तोंडाशी कंपनीचा स्वतःचा दिंडी दरवाजा. याला सीजीनॅट म्हणतात, आणि २०१२ साली त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ असे वेगळे पत्ते राखून ठेवले गेले.

तुम्ही तुमच्या दरवाजावर कितीही सूचना लिहा, आळीच्या दरवाजावरचा माणूस तुमचं ऐकत नाही. तो कंपनीचा आहे.

हे ओळखायचं कसं? दोन मिनिटांचं काम आहे. राऊटरच्या पानावर वॅन किंवा इंटरनेट स्टेटस असं लिहिलेलं असतं, तिथला पत्ता कागदावर उतरवा. मग त्याच वायफायवरून माझा आयपी कोणता हे सांगणारी एखादी वेबसाइट उघडा. दोन्ही पत्ते एकच असतील, तर तुम्हाला खरा बाहेरचा पत्ता आहे. वेगळे असतील, किंवा राऊटरमधला पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही आळीच्या दरवाजामागे आहात. यात एक अपवाद आहे. फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा दुसरा राऊटर लावला असेल, तर घरातच दोन दरवाजे झालेले असतात. तेव्हा आधी फायबरच्या डब्याचा पत्ता बघा.

या मुलाने आपल्या नेटवाल्याला चार वेळा फोन केला. प्रत्येक वेळी उत्तर एकच, "सर, राऊटर बंद करून चालू करा." त्या बिचाऱ्या फोनवरच्या माणसालाही बहुधा हे कोणी समजावलेलं नव्हतं. पाचव्यांदा त्याने नेमका शब्द वापरला, "मला सीजीनॅट नको, पब्लिक आयपी किंवा स्टॅटिक आयपी मिळेल का?" तेव्हा कळलं की मिळतो, वेगळे पैसे भरून. नेमका शब्द माहीत असण्याची किंमत ही अशी.

नवी पद्धत आयपीव्ही ६ आहे, तिच्यात पत्त्यांची टंचाई नाही, आणि आपल्याकडे अनेक जोडण्यांवर ती चालू आहे. तिथे आळीच्या दरवाजाचा अडथळा येत नाही. पण तुम्ही बाहेर ज्या नेटवरून बघणार, तिथेही आयपीव्ही ६ हवं, ही अट.

पण पोर्ट उघडावं का?

आता मुद्द्याची गोष्ट. समजा स्टॅटिक आयपी घेतला, पोर्ट उघडलं, चित्र दिसलं. आम्ही म्हणू, थांबा. तुम्हाला दिसतंय म्हणजे जगालाही दार दिसतंय.

इंटरनेटवर एक-एक पत्ता ठोठावत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. पूर्ण आयपीव्ही ४ मधलं एक पोर्ट तपासायला चांगल्या जोडणीवर तासभरही लागत नाही. उघडी यंत्रं शोधून देणारं शोडान नावाचं शोधयंत्र २००९ पासून आहे. "माझं घर कोण शोधणार, आम्ही साधी माणसं" असं म्हणून चालत नाही, कारण ते तुम्हाला शोधत नसतात. ते उघडं दार शोधत असतात.

२०१६ साली मिराई नावाचा प्रोग्रॅम पसरला. त्याच्याकडे साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, कारखान्यातून येतात तशा, अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन वगैरे. एवढ्या भांडवलावर त्याने लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घेतले. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ रोजी डिन या डीएनएस कंपनीवर हल्ला केला, आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अडखळल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता. त्यांचं अंगण त्यांना नेहमीसारखं दिसत होतं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. २०२५च्या फेब्रुवारीत राजकोटमधल्या एका प्रसूतिगृहातलं, तपासणीच्या खोलीतलं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर पोचल्याचं उघड झालं. रुग्णालयाचे कॅमेरे बाहेरून फोडले गेले होते, आणि चित्रण विकलं जात होतं. त्या बायकांचा यात काय दोष? कॅमेरा लावणाऱ्याचा निष्काळजीपणा दुसऱ्याच कोणाला तरी भोगावा लागतो, हे लक्षात ठेवा.

पोर्टचा क्रमांक ५५४ ऐवजी ४५५४ केला म्हणजे झालं, असंही सांगितलं जातं. त्याने ठोठावणारे थोडे कमी होतात, दार तितकंच कच्चं राहतं. कॅमेऱ्याच्या आतला प्रोग्रॅम स्वस्तात लिहिलेला असतो, वर्षानुवर्षं सुधारला जात नाही. तो जगासमोर उभा करायच्या लायकीचाच नसतो. शिवाय राऊटरमध्ये यूपीएनपी नावाची सोय चालू असेल, तर कॅमेरा तुम्हाला न विचारता स्वतःच पोर्ट उघडून घेऊ शकतो. ती सोय बंद करा.

क्यूआर कोडवाला रस्ता

तुमच्यापैकी काही म्हणतील, आम्ही तर यातलं काहीच केलं नाही. डब्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, चित्र आलं. बरोबर आहे. तिथे कॅमेरा स्वतःच बाहेर जातो आणि कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी धरून ठेवतो. आतून गेलेला निरोप, म्हणून वहीत नोंद आहे. तुमचा मोबाईलही त्याच सर्व्हरकडे जातो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. जमलं तर दोघं थेट बोलतात, नाही जमलं तर चित्र सर्व्हरमधून जातं. दोन्ही दरवाजे तसेच बंद, तरी काम होतं.

सोपं आहे, आणि पोर्ट उघडण्यापेक्षा बरंच बरं. पण किल्ली कंपनीकडे राहते. २०२४च्या फेब्रुवारीत वाइझ या अमेरिकी कंपनीच्या सर्व्हरमध्ये गडबड झाली, आणि सुमारे १३ हजार ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची छोटी चित्रं दिसली. त्यात ग्राहकांची काहीच चूक नव्हती. हा रस्ता घ्यायचाच असेल, तर पासवर्ड लांब आणि वेगळा ठेवा, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, आणि कॅमेरा फक्त अंगणाकडे, फाटकाकडे, दुकानाच्या शटरकडे वळवा. झोपायच्या खोलीकडे नाही.

आम्ही सांगतो तो रस्ता: आपल्या घरचा बोगदा

तिसरा रस्ता व्हीपीएनचा. यात कॅमेरा बाहेर आणायचाच नाही. त्याऐवजी तुमचा मोबाईलच वाड्याच्या आत न्यायचा. पुण्यात बसून मोबाईल जणू गावच्या वायफायवर आहे, असं करायचं. मग १९२.१६८.१.२० हा पत्ता गणपतीत चालत होता तसाच चालतो.

यासाठी वायरगार्ड नावाची पद्धत आहे. ती मोफत आहे, आणि २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. काही राऊटरमध्ये ती तयार मिळते. नसेल तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक किंवा जुना लॅपटॉप घरी चालू ठेवून त्यावर बसवता येते. घरच्या यंत्राची एक किल्लीजोडी, प्रत्येक मोबाईलची एक. मोबाईलची सार्वजनिक किल्ली घरच्या यंत्रात लिहायची, घरची मोबाईलमध्ये. खाजगी किल्ली ज्याची त्याच्याकडेच राहते. मग राऊटरवर एकच पोर्ट उघडायचं, बहुधा यूडीपी ५१८२०.

तुम्ही म्हणाल, शेवटी पोर्ट उघडलंच की! हो, पण फरक बघा. कॅमेऱ्याचं दार ठोठावलं की आतून आवाज येतो, "कोण आहे? पासवर्ड सांगा." वायरगार्डचं दार ठोठावलं आणि किल्ली बरोबर नसेल, तर आतून काहीच उत्तर येत नाही. ठोठावणाऱ्याला तिथे दार आहे हेही कळत नाही.

आळीच्या दरवाजामागे असाल, तर? तर टेलस्केलसारखी सेवा वापरता येते. तीही वायरगार्डवरच चालते. घरचं यंत्र आणि मोबाईल दोघंही आतून बाहेर जातात, सेवा त्यांची गाठ घालते, आणि चित्र दोन टोकांमध्येच कुलूपबंद राहतं. मधल्याला ते उघडता येत नाही. आमच्या कोकणातल्या घरी शेवटी हेच केलं. स्टॅटिक आयपीचे पैसे वाचले.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. घरचे पत्ते १९२.१६८.१ असे ठेवू नका. तुमच्या ऑफिसातही तेच असतील, आणि मोबाईलला कळणार नाही की २० नंबर इथला की गावचा. राऊटरमध्ये ते १९२.१६८.४७ असं काहीतरी करा. आणि बोगदा जमला, की राऊटरमधून कॅमेऱ्याचं बाहेर जाणं बंद करा. मग क्यूआर कोडवालं अ‍ॅप बाहेरून चालणार नाही, चित्र आरटीएसपी किंवा ऑनव्हिफ समजणाऱ्या अ‍ॅपमध्ये बघायचं. म्हणून विकत घेतानाच डब्यावर ही दोन नावं आहेत का ते बघा. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र मग घरच्याच राऊटरवरून किंवा त्या छोट्या संगणकावरून लावून घ्यावं लागतं, नाहीतर चोरी मंगळवारची आणि चित्रणावर तारीख भलतीच.

चित्र अडकतं ते का?

आपण नेट घेताना डाउनलोड बघतो. कॅमेरा बाहेरून बघताना लागतो तो घराकडचा अपलोड. फुल एचडी चित्राला सेकंदाला साधारण २ ते ४ मेगाबिट लागतात. २ धरले तरी तासाला ९०० एमबी, दिवसाला २१.६ जीबी. मोबाईल डेटावर हे परवडत नाही. म्हणून कॅमेऱ्यात दोन प्रवाह असतात, मुख्य आणि उप. बाहेरून उपप्रवाह बघा. ४०० किलोबिटचा ठेवला तर तासाला १८० एमबी. मुख्य प्रवाह घरातच मेमरी कार्डवर साठू द्या. १२८ जीबीच्या कार्डावर २ मेगाबिटने पाच-साडेपाच दिवसांचं चित्रण राहतं, मग जुनं पुसलं जातं.

आणि कोकण म्हटलं की पाऊस आणि लाईट. कॅमेऱ्याला इन्व्हर्टर दिला पण फायबरचा डबा साध्या प्लगवर, असं आम्ही खूप घरी पाहिलंय. फायबरचा डबा, राऊटर, छोटा संगणक, कॅमेरा, चारही एकाच बॅकअपवर हवेत. एक जरी गेला, तरी साखळी तुटली.

आईचं म्हणणं

शेवटची गोष्ट तांत्रिक नाही. कॅमेरा नीट दिसायला लागल्यावर मुलीने सुचवलं, माजघरातही एक लावू. आई पडली-बिडली तर कळेल. काळजी खरी होती, वर्षभरापूर्वी त्या न्हाणीघराच्या पायरीवर घसरल्या होत्या. आई म्हणाल्या, "अंगण बघा, फाटक बघा. मी पदर कसा घेतलाय ते बघायला नको. आणि बघाल तेव्हा मला कळायला हवं."

मग असं ठरलं. कॅमेरा पडवीतच. माजघरात कॅमेऱ्याऐवजी गळ्यात अडकवायचं बटण, ते दाबलं की दोन्ही मुलांना फोन. किल्ल्या फक्त दोन मोबाईलमध्ये, तिसऱ्या कोणाला नाही. एखादा मोबाईल हरवला, तर त्याची एकटी किल्ली काढून टाकता येते, बाकी सगळं चालू राहतं. आणि कॅमेऱ्याच्या प्लगचा खटका आईच्या हाताला येईल असा, खाली. मुलगा आधी तयार नव्हता. "आई बंद करून ठेवेल मग उपयोग काय?" आम्ही त्याला एवढंच म्हटलं, घर कोणाचं आहे? गेल्या आठ महिन्यांत त्यांनी तो दोनदाच बंद केला, असं मुलगी सांगते. दोन्ही वेळा गावातल्या बायका हळदीकुंकवाला आल्या होत्या.

तर घरी गेल्यावर एवढं करा. कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला. राऊटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंगची यादी उघडा, तुम्ही न लिहिलेली ओळ दिसली तर काढा, यूपीएनपी बंद करा. वॅनचा पत्ता तपासून कागदावर लिहून ठेवा. आणि कॅमेऱ्यासमोर जो राहतो, त्याला विचारा की तुला हे चालतंय का.

पुढच्या वेळी येताना तो कागद घेऊन या. कार्यक्रमानंतर आम्ही इथेच आहोत, एकेकाचा बघू.